पाचव्या घातावरचे वक्र: स्ट्रिंग थिअरी आणि शुद्ध गणित

अक्षरगणित

मे १९९१. बर्कलीच्या मॅथेमॅटिकल सायन्सेस रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये भौतिकशास्त्रज्ञ आणि बैजिक भूमितीवाले गणितज्ञ एकत्र बसले होते. दोघांकडे एकाच प्रश्नाची उत्तरं होती आणि ती जुळत नव्हती.

प्रश्न शंभर टक्के गणिताचा. पाच चलांची, पाचव्या घाताची समघाती बहुपदी घ्या. ती जिथे शून्य होते त्या सगळ्या बिंदूंचं मिळून तीन मितींचं (संमिश्र संख्यांवर तीन, म्हणजे आपल्या मोजणीने सहा) एक अवकाश तयार होतं. त्याला क्विंटिक म्हणतात. या क्विंटिकवर सरळ रेषा किती बसतात? शंकुच्छेद (दुसऱ्या घाताचे वक्र) किती? त्रिघाती परिमेय वक्र (एकाच चलाच्या बहुपदींनी लिहिता येतील असे तिसऱ्या घाताचे वक्र) किती?

सरळ रेषा २८७५. हा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या भूमितीच्या आवाक्यातला. शंकुच्छेद ६,०९,२५०, हे शेल्डन कॅट्झ यांनी १९८६ साली काढलं. मधे शतकभर गेलं, आणि पुढची पायरी त्याहून कितीतरी कठीण. नॉर्वेचे एलिंग्सरुड आणि स्ट्रोमे यांनी नेटाने ती गाठली, संगणकाची मदत घेऊन त्रिघाती वक्र मोजले. त्यांचं उत्तर आलं २,६८,२५,४९,४२५.

तिकडे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप कँडेलास, झेनिया द ला ओसा, पॉल ग्रीन आणि लिंडा पार्क्स या चौघांनी स्ट्रिंग थिअरीतल्या (मूलभूत कण म्हणजे कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा, असं मानणारा सिद्धान्त) मिरर सिमेट्रीच्या (तिच्याबद्दल पुढे लिहितो) आधारे तोच आकडा काढला होता: ३१,७२,०६,३७५. एवढंच करून ते थांबले नाहीत. चौथ्या, पाचव्या, थेट दहाव्या घातापर्यंतचे आकडे त्यांनी एका दमात मांडले. चौथ्याचा आकडा २,४२,४६,७५,३०,०००. ज्या प्रश्नात गणितज्ञ तिसऱ्या पायरीवर अडले होते, त्याचा अख्खा जिना समोर ठेवला.

साहजिकच गणितज्ञांनी भुवया उंचावल्या. भौतिकशास्त्रज्ञांकडे सिद्धता नव्हती. ज्या पाथ इंटिग्रलवर (सगळ्या शक्य मार्गांची बेरीज करण्याची भौतिकशास्त्रातली पद्धत) त्यांचा भरवसा, त्याची काटेकोर व्याख्याच गणितात नाही. बैठक संपली तेव्हा कोणाचं बरोबर हे ठरलेलं नव्हतं. जुलै संपता संपता नॉर्वेहून मेल आली: प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, दुरुस्त केल्यावर ३१,७२,०६,३७५ हाच आकडा येतोय, भौतिकशास्त्र जिंकलं.

हा धागा काढायचं कारण असं. स्ट्रिंग थिअरीवरच्या चर्चा बहुतेक वेळा 'प्रयोगाने सिद्ध झाली का' या एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपतात. प्रश्न रास्त आहे. पण १९९१ मध्ये या सिद्धान्ताने अशी एक गोष्ट केली जी चुकली असती तर उघडी पडली असती. आकडा सांगितला. गोलमोल नाही, नऊ अंकी पूर्णांक. तो दुसऱ्यांनी, पूर्ण वेगळ्या वाटेने जाऊन तपासला. माझ्या मते स्ट्रिंग थिअरीची आजवरची खरी प्रयोगशाळा शुद्ध गणित ही आहे, आणि तिथल्या परीक्षांत तिने जे मिळवलंय त्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं गेलंय.

हे आकडे कुठून येतात ते प्रतिसादांत सवडीने लिहितो. प्रश्न जरूर विचारा.

---

मोगरा

सुरेख सुरुवात. पण मुळात रेषा मोजता येतात, म्हणजे त्या मोजक्याच असतात, हेच कळत नाहीये. अवकाश एवढं मोठं, मग रेषा अनंत का नाहीत?

---

अक्षरगणित

मोगरा, हा पहिला विचारायचा प्रश्न आहे. उत्तर कागदावर दोन ओळींत येतं.

आपले पाच चल मिळून चार मितींचं प्रक्षेपी अवकाश होतं (त्यात चलांच्या फक्त गुणोत्तरांना अर्थ असतो), आणि तिथे एक रेषा ठरवायला ६ संख्या लागतात. म्हणजे रेषा निवडताना आपल्या हातात ६ मोकळीका. आता त्या रेषेवर आपली पाचव्या घाताची बहुपदी उतरवा. रेषेवर दोनच चल उरतात, म्हणून बहुपदीला ६ सहगुणक उरतात (पाचव्या घातापासून शून्याव्या घातापर्यंत). रेषा पूर्णपणे क्विंटिकवर पडायची तर हे सहाही सहगुणक शून्य हवेत. अटी ६, मोकळीका ६. म्हणून साधारण क्विंटिकवर रेषा मोजक्याच.

हाच हिशेब एक मिती खाली करून बघा. तीन मितींच्या अवकाशात रेषेला ४ मोकळीका, त्रिघाती बहुपदीला रेषेवर ४ सहगुणक. म्हणून त्रिघाती पृष्ठावर मोजक्याच रेषा असतात, आणि त्या २७ आहेत हे केली आणि सॅल्मन यांनी १८४९ साली दाखवलं. २७ आणि २८७५ हे सख्खे भाऊ.

क्विंटिकची मौज अशी की घात कितीही वाढवला तरी परिमेय वक्रांसाठी अटी आणि मोकळीका समसमानच राहतात. हा योगायोग नाही. पाच चल आणि पाचवा घात हे जुळलं की ते अवकाश कॅलाबी-याऊ (एका ठरावीक अर्थाने ज्याची सरासरी वक्रता शून्य ठेवता येते असं) होतं. अशी वक्रता ठेवता येते ही अटकळ कॅलाबींनी १९५० च्या दशकात मांडली, याऊंनी १९७० च्या दशकात ती सिद्ध केली, आणि १९८५ मध्ये कँडेलास, हॉरोविट्झ, स्ट्रॉमिंजर आणि विटन यांनी दाखवलं की स्ट्रिंग थिअरीच्या दहा मितींपैकी सहा लपवायच्या तर नेमकी अशीच अवकाशं लागतात. तिथून या दोन जगांची गाठ पडली.

---

घाटमाथा

वाचतोय. पण सुरुवातीलाच शंका नोंदवून ठेवतो. एलएचसी या महाकाय कणत्वरकात सुपरसिमेट्रीचा (स्ट्रिंग थिअरीला हव्या असलेल्या सममितीचा) एकही कण सापडलेला नाही. शक्य विश्वांची संख्या १० चा ५०० वा घात असं हे लोक स्वतःच सांगतात. निसर्गाबद्दल एक तपासण्याजोगं विधान करता येत नाही म्हणून आता गणिताचा आसरा घेतला जातोय, असं वाटतं. क्विंटिकवर वक्र किती यावरून इलेक्ट्रॉनचं वस्तुमान कळत नाही.

---

अक्षरगणित

घाटमाथा, तुमच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. वक्रांची मोजणी बरोबर आली म्हणून विश्व तारांचं बनलंय असं ठरत नाही, आणि जो कोणी तसं सांगेल त्याला मीही विरोध करेन.

मुद्दा वेगळा आहे. सिद्धान्ताच्या पोटात विसंगती असती तर हे आकडे पूर्णांकसुद्धा आले नसते. ते कसं ते दाखवतो. मला या सगळ्या विषयात हा भाग सगळ्यात जवळचा आहे.

मिरर सिमेट्री म्हणते की कॅलाबी-याऊ अवकाशं जोड्यांनी येतात. एकाचा आकार-मानाचा तपशील हा दुसऱ्याच्या घडणीचा तपशील असतो. एकच हिशेब दोन वह्यांत वेगवेगळ्या रीतीने मांडलेला असावा तसं. क्विंटिकच्या घडणीत १०१ मोकळीका आहेत. पडताळून बघा: पाच चलांच्या पाचव्या घाताच्या बहुपदीला १२६ सहगुणक, त्यातून चल बदलण्याच्या २५ मोकळीका वजा, राहिल्या १०१. आकारमानाची मोकळीक मात्र एकच. त्याच्या जोडीदाराचं नेमकं उलट: आकारमानाच्या १०१, घडणीची १. हा जोडीदार ग्रीन आणि प्लेसर यांनी १९९० मध्ये प्रत्यक्ष बांधून दाखवला. (हे ब्रायन ग्रीन, वरच्या चौघांतले पॉल ग्रीन वेगळे.)

क्विंटिकवर वक्र मोजणं महाकर्मकठीण. पण जोडीदाराच्या बाजूला घडणीची एकच मोकळीक असल्यामुळे सगळं एका चलाच्या विकलक समीकरणावर येतं, आणि ते समीकरण एम. एस्सी.च्या विद्यार्थ्याला सोडवता येईल असं आहे. त्याच्या पहिल्या उकलीतले सहगुणक: (५न)! भागिले (न!) चा पाचवा घात. न = ० ला १, न = १ ला १२०, न = २ ला १,१३,४००. उरलेल्या उकली काढायच्या, त्यांच्या गुणोत्तरातून नवा चल क्ष घ्यायचा, आणि एका ठरावीक राशीची क्ष मधली मालिका लिहायची. ती येते:

५ + २८७५ क्ष + ४८,७६,८७५ क्ष² + ८,५६,४५,७५,००० क्ष³ + …

दुसरा सहगुणक बघा. २८७५! जोडीदाराच्या समीकरणाला क्विंटिकवरच्या रेषांची काहीच खबर नाही, तरी हा आकडा आला.

आता तिसरा. त्यात शंकुच्छेदांचा वाटा आहे, शिवाय प्रत्येक रेषेवरून दोनदा फिरण्याचाही वाटा आहे. रेषांचा वाटा वजा करू: ४८,७६,८७५ वजा २८७५ म्हणजे ४८,७४,०००. घात २ असल्यामुळे २ च्या घनाने, म्हणजे ८ ने भागायचं. उत्तर ६,०९,२५०. कॅट्झ यांचा आकडा.

चौथा: ८,५६,४५,७५,००० वजा २८७५, भागिले २७. उत्तर ३१,७२,०६,३७५.

८ ने भागताना बाकी उरू शकली असती, २७ ने भागताना उरू शकली असती. पुढे ६४ ने, १२५ ने. एकदाही उरत नाही.

---

आडवी_रेघ

सर, मी टी. वाय. बी. एस्सी.ला आहे (गणित). वरचे भागाकार करून पाहिले, बरोबर येतात. पुढचा सहगुणक दिलात तर चौथा घात मीच काढून बघते.

---

अक्षरगणित

आडवी_रेघ, छान! पाचवा सहगुणक, म्हणजे क्ष⁴ चा: १,५५,१७,९२,६७,९६,८७५. एक लक्षात ठेवा: ४ ला १ आणि २ दोन्ही भाग जातात. म्हणजे रेषांचाही वाटा काढायचा आणि शंकुच्छेदांचाही.

---

दिगंश

धागा उत्तम, पण 'भौतिकशास्त्र जिंकलं' इथे गोष्ट थांबवली तर ती अर्धी राहते.

१९९१ मध्ये आकडा जुळला, पण तो *का* जुळला हे कोणालाच सांगता येत नव्हतं. एका आकड्याचं जुळणं म्हणजे सिद्धता नव्हे. १९९३ मध्ये जॅफे आणि क्विन यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये याच धोक्याबद्दल लिहिलं: सिद्धतेविना निकाल जाहीर होऊ लागले तर पुढच्या पिढीला कशावर उभं राहायचं ते कळणार नाही. मोठा वाद झाला, अतिया आणि थर्स्टन यांच्यासारख्यांनी उत्तरं दिली. मला जॅफे-क्विन यांची काळजी आजही रास्त वाटते.

सिद्धतेसाठी आधी 'वक्र मोजणे' याचीच नवी व्याख्या करावी लागली. कॉन्त्सेविच यांनी त्यासाठी स्थिर नकाशांचं अवकाश आणलं (वक्राऐवजी वक्रावरून फिरण्याच्या रीती, म्हणजे नकाशे, मोजायचे) आणि फिरकीच्या सममितीने मोजणी सोपी करण्याची युक्ती दिली. त्यावर उभं राहून गिव्हेंटल यांनी १९९६ मध्ये आणि लियान, लिऊ व याऊ यांनी १९९७ मध्ये कँडेलास गटाचं सूत्र सिद्ध केलं. या सिद्धतांत तारा नाहीत, पाथ इंटिग्रल नाही. १९९१ ते १९९७ या सहा वर्षांत जे घडलं ते गणितज्ञांचं श्रेय आहे आणि ते ठसठशीतपणे सांगायला हवं.

---

अक्षरगणित

दिगंश, मान्य, आणि हे लिहिल्याबद्दल आभार. एक भर घालतो. सिद्धता आली तरी 'का' चं उत्तर पूर्ण झालं नव्हतं. सूत्र खरं आहे हे कळलं. दोन अवकाशं जोडीदार का असतात हे कळलं नाही. त्यासाठी कॉन्त्सेविच यांनी १९९४ च्या झुरिक काँग्रेसमध्ये होमोलॉजिकल मिरर सिमेट्रीची अटकळ मांडली, आणि १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर, याऊ, झॅस्लो यांनी भूमितीतून दुसरं स्पष्टीकरण सुचवलं.

या दुसऱ्या स्पष्टीकरणाच्या मुळाशी स्ट्रिंगची एक अगदी साधी गोष्ट आहे. वर्तुळाकार मितीची त्रिज्या र असेल तर तारेला ऊर्जा दोन प्रकारे मिळते: वर्तुळावरून धावल्यामुळे (१/र च्या पटीत) आणि वर्तुळाला वेढे घातल्यामुळे (र च्या पटीत). र च्या जागी १/र टाका, धावणं आणि वेढे यांची अदलाबदल करा, ऊर्जांची यादी तीच राहते. बिंदुकणाला वेढा घालता येत नाही, म्हणून त्याला हा फरक कळतो. तारेला कळत नाही. स्ट्रॉमिंजर-याऊ-झॅस्लो म्हणतात, मिरर सिमेट्री म्हणजे हीच अदलाबदल, कॅलाबी-याऊच्या आत दडलेल्या तीन-तीन वर्तुळांवर एकदम केलेली.

गणितज्ञ शंभर वर्षं या अवकाशांकडे बिंदूंच्या नजरेने बघत होते. तारेच्या नजरेने बघितल्यावर जोडी दिसली. जॅफे-क्विन यांच्या काळजीचं मोल मी कमी लेखत नाही, पण ही नजर सिद्धतेच्या वाटेने आली नसती असं मला ठामपणे वाटतं.

---

कुलाबा_बसस्टॉप

काही वर्षं टीआयएफआरमध्ये (मुंबईतल्या कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था) काढली आहेत, म्हणून आपल्या इथली बाजू लिहितो. ही देवाणघेवाण फक्त अमेरिकेत झाली असं कोणाला वाटू नये.

१९६५ साली एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी कुलाब्यात बसून स्थिर सदिश-पुंजांवरचं (पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूला एकेक सदिश अवकाश जोडलेली रचना) प्रमेय सिद्ध केलं. तेव्हा त्याचा भौतिकशास्त्राशी कोणी संबंध जोडला नव्हता. १९८० च्या दशकात अतिया-बॉट आणि डोनाल्डसन यांच्या कामातून कळलं की हे प्रमेय कणभौतिकीतल्या यांग-मिल्स समीकरणांचंच बैजिक रूप आहे. पुढे १९८८ मध्ये व्हर्लिंडे यांनी कन्फॉर्मल फील्ड थिअरीतून (तारांच्या वर्णनात वापरला जाणारा, मोजमापाचं प्रमाण बदललं तरी न बदलणारा क्षेत्र-सिद्धान्त) एक सूत्र काढलं. त्यातून नेमक्या याच पुंजांच्या अवकाशावरच्या एका सदिश अवकाशाची मिती मिळते. सूत्र बघितलं तर विश्वास बसत नाही: ज्या राशीचं उत्तर पूर्णांकच यायला हवं, ती साइनच्या ऋण घातांची बेरीज म्हणून लिहिलेली.

सगळ्यात सोपं उदाहरण हाताने करता येतं. पृष्ठाला ग भोकं आहेत, पातळी (सूत्रातला एक पूर्णांक) १ आहे. सूत्र सांगतं: (३/२) चा (ग−१) वा घात, गुणिले दोन पदांची बेरीज. एका पदात साइन ६०°, दुसऱ्यात साइन १२०°, दोन्ही √३/२. त्यांचा (२ग−२) वा घात छेदात, म्हणजे प्रत्येक पद (४/३) चा (ग−१) वा घात. ३/२ गुणिले ४/३ बरोबर २. एकूण उत्तर २ चा ग वा घात. वर्गमुळं, अपूर्णांक सगळे गळून पडतात.

याची सिद्धता देणाऱ्यांत बोव्हिल-लास्लो आणि फाल्टिंग्स होते, तसेच श्रवण कुमार, नरसिंहन आणि रामनाथन हेही होते (१९९४). ज्या माणसाने १९६५ मध्ये पाया घातला त्यानेच तीस वर्षांनी भौतिकशास्त्राकडून आलेल्या सूत्राला गणिताचं छप्पर घातलं.

आणखी एक, ज्याचा उल्लेख फार कमी होतो. १९८८ मध्येच टीआयएफआरच्या समीर माथुर, सुनील मुखी आणि अशोक सेन यांनी कन्फॉर्मल फील्ड थिअरींचं वर्गीकरण करण्यासाठी मॉड्युलर विकलक समीकरणांची पद्धत काढली. दुसऱ्या कोटीच्या समीकरणातून त्यांना मोजक्याच उकलींची एक यादी मिळाली. तिच्यात ए१, ए२, जी२, डी४, एफ४, ई६, ई७ हे ली समूह (सलग सममितींचे समूह) ओळीने दिसतात. ही मालिका डेलीन यांनी पूर्ण वेगळ्या वाटेने १९९६ मध्ये मांडली आणि गणितात ती डेलीन यांच्या नावाने ओळखली जाते. तेच विकलक समीकरण पुढे कानेको आणि झागिए यांच्या संख्या-सिद्धान्तातल्या (नंबर थिअरी) कामात आलं. मुखी सर पुढे पुण्याच्या आयसरमध्ये होते. या कामाची मराठीत कुठे नोंद असावी असं फार दिवस मनात होतं.

---

मोगरा

कुलाबा_बसस्टॉप, हे खरंच माहीत नव्हतं. रामानुजन यांच्या गणिताचा कृष्णविवरांशी संबंध लागला असं मधे वाचलं होतं. ते याच प्रकरणातलं का?

---

कुलाबा_बसस्टॉप

हो, आणि त्यात आपल्या कोल्हापूरकडचा माणूस आहे. आतिश दाभोळकर, गडहिंग्लजचे. टीआयएफआरमध्ये होते, नंतर पॅरिसला, आणि २०१९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपी या सैद्धान्तिक भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले.

रामानुजन यांनी जानेवारी १९२० मध्ये, मृत्यूच्या तीनेक महिने आधी, हार्डींना पाठवलेल्या शेवटच्या पत्रात मॉक थीटा फलनांची उदाहरणं दिली. ती नेमकी काय चीज आहे हे २००२ मध्ये झ्वेगर्स यांच्या प्रबंधापर्यंत कोणाला नीट सांगता आलं नव्हतं. तिकडे स्ट्रिंग थिअरीत एका जातीच्या कृष्णविवरांच्या सूक्ष्म अवस्था मोजताना अडचण येत होती. मोजणीचं मूळ फलन छान सममित, पण त्यात एकट्या कृष्णविवराबरोबर दोन-दोन कृष्णविवरांच्या जोड्याही मोजल्या जात. जोड्या वजा केल्या की सममिती मोडायची. दाभोळकर, समीर मूर्ती आणि झागिए यांनी २०१२ मध्ये दाखवलं की जोड्या वजा केल्यावर जे उरतं ते मॉक मॉड्युलर असतं. सममिती मोडते, पण मनमानी नाही. झ्वेगर्स यांनी सांगितलेल्या रीतीनेच मोडते. त्या कामात गणितज्ञांच्या उपयोगाचे नवे निकालही आहेत, म्हणजे इथेही वाहतूक दोन्ही बाजूंनी.

---

घाटमाथा

प्रामाणिकपणे सांगतो, दुसऱ्या सहगुणकातला २८७५ बघून थबकलो. तरी एक प्रश्न. क्विंटिक हे एकच निवडक उदाहरण नाही ना? एखादं जुळलेलं उदाहरण दाखवून सिद्धान्त मोठा करणं सोपं असतं.

---

अक्षरगणित

रास्त प्रश्न. म्हणून मुद्दाम दुसरं उदाहरण देतो, जे तुम्ही स्वतः तपासू शकाल.

बोसॉनिक स्ट्रिंग घ्या. तिला कंप पावायला २४ आडव्या दिशा असतात. पहिल्या पातळीवर अवस्था किती? एकेक दिशा, म्हणजे २४. दुसऱ्या पातळीवर: दुसरा स्वर एका दिशेत (२४), किंवा पहिला स्वर दोनदा (२४ दिशांतून पुनरावृत्तीसह दोन निवडा, ३००). एकूण ३२४. तिसऱ्या पातळीवर: तिसरा स्वर (२४), एक दुसरा आणि एक पहिला (२४ × २४ = ५७६), किंवा पहिला तीनदा (२६००). एकूण ३२००.

आता भूमितीकडे या. सपाट प्रतलात सहाव्या घाताचा साधारण वक्र काढा. त्याला दोन ठिकाणी स्पर्श करणाऱ्या रेषा किती? ३२४. तीन मितींत चौथ्या घाताचं साधारण पृष्ठ घ्या. त्याला तीन ठिकाणी स्पर्श करणारी प्रतलं किती? ३२००. हे दोन्ही आकडे एकोणिसाव्या शतकातल्या भूमितीतले, तारांचं नावही कोणी ऐकलं नव्हतं तेव्हाचे.

दोन्हीकडे मागे के३ नावाचं पृष्ठ (कॅलाबी-याऊचाच दोन मितींचा प्रकार) आहे. स्पर्शरेषा आणि स्पर्शप्रतलं मोजणं म्हणजे त्या के३ वरचे परिमेय वक्र मोजणं. १९९६ मध्ये याऊ आणि झॅस्लो यांनी सांगितलं की के३ वरच्या परिमेय वक्रांची संख्या सगळ्या पातळ्यांवर तारेच्या अवस्थांच्या संख्येइतकी असते. पुढचा आकडा २५,६५०. यालाही सिद्धता मिळाली. ब्रायन आणि लिऊंग यांनी मुख्य भाग २००० मध्ये केला, आणि २०१० मध्ये क्लेम, मौलिक, पंढरीपांडे, शायडेगर यांनी उरलेला.

१९९० नंतरची यादी करायला घेतली तर धागा पुरणार नाही. विटन यांच्या १९९१ च्या अटकळीची कॉन्त्सेविच यांनी दिलेली सिद्धता, बोर्चर्ड्स यांच्या मूनशाइनच्या (एका महाकाय सममिती-समूहाचं संख्या-सिद्धान्ताशी असलेलं नातं) सिद्धतेत वापरलेलं स्ट्रिंग थिअरीतलं नो-घोस्ट प्रमेय, अशोक सेन यांनी १९९४ मध्ये ड्युअ‍ॅलिटीच्या (वेगळी दिसणारी दोन वर्णनं एकच असणं) तपासणीसाठी मोनोपोलच्या (एकच चुंबकीय ध्रुव असलेल्या कणांच्या) अवकाशावर भाकीत केलेली हार्मोनिक फॉर्म. शेवटचं उदाहरण मला विशेष वाटतं, कारण सेन यांनी ती फॉर्म नुसती 'असली पाहिजे' असं म्हटलं नाही, दोन मोनोपोलसाठी लिहूनच दाखवली.

---

घाटमाथा

३२४ आणि ३२०० करून बघितले. बरोबर आहेत. निसर्गाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण 'आसरा घेतला' हा शब्द मागे घेतो. हे आसरा घेणाऱ्याचं काम नाही.

---

आडवी_रेघ

सर, चौथा घात:

१,५५,१७,९२,६७,९६,८७५ वजा २८७५ (रेषा) वजा ४८,७४,००० (शंकुच्छेद, ८ ने गुणून) = १,५५,१७,९२,१९,२०,०००.

भागिले ६४ = २,४२,४६,७५,३०,०००.

तुम्ही सुरुवातीला दिलेला आकडाच आला. आता प्रश्न: दर वेळी भाग जातो हे सिद्ध झालंय का, की फक्त बघून माहीत आहे?

---

दिगंश

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर बरीच वर्षं 'बघून माहीत आहे' असंच होतं.

१९९८ मध्ये राजेश गोपकुमार (बेंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेचे) आणि कुमरुन वाफा यांनी भौतिकशास्त्रातून कारण दिलं: या संख्या एका प्रकारच्या कणांच्या अवस्था मोजतात, आणि अवस्था अर्ध्या-पाव नसतात, म्हणून पूर्णांक. कारण पटण्यासारखं, पण सिद्धता नव्हे. गणितातली सिद्धता आयोनेल आणि पार्कर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे इथेही तोच क्रम, फक्त मधे वीस वर्षं.

आणि एक गोष्ट अजून उघडी आहे. साधारण क्विंटिकवर प्रत्येक घाताचे परिमेय वक्र मोजकेच असतात, ही क्लेमेन्स यांची १९८० च्या दशकातली अटकळ. लहान घातांसाठी सिद्ध झालीय, सर्व घातांसाठी नाही. सूत्रातून येणारी संख्या सिद्ध आहे. ती दर वेळी खरोखरच्या वक्रांचीच संख्या आहे का, हा वेगळा प्रश्न. दहाव्या घाताला तर नक्की फरक पडतो. क्विंटिकवर पाचव्या घाताचे काही परिमेय वक्र स्वतःलाच छेदतात, आणि त्यांच्यावरून दोनदा फिरणारे नकाशे दहाव्या घाताच्या संख्येत मिसळतात. रेषांसाठी केलेली वजाबाकी तिथे पुरत नाही.

---

आडवी_रेघ

म्हणजे कँडेलास यांच्या यादीतला शेवटचा, दहाव्या घाताचा आकडा हा वक्रांचा आकडा नाही?

---

दिगंश

पूर्णांक आहे, अर्थपूर्ण आहे, पण शब्दशः वक्रांची संख्या नाही. स्वतःला छेदणारे ते पाचव्या घाताचे वक्र १,७६,०१,००० आहेत (वेन्सेन्शर यांची मोजणी). त्यातला प्रत्येक वक्र दहाव्या घातात जादा भर घालतो, ती वजा करावी लागते. वजाबाकी कशी करायची हे समजून घ्यायचं असेल तर आधी स्वतःला छेदणाऱ्या वक्रावर दोनदा फिरणारा नकाशा कसा दिसतो ते चित्र काढून बघा. छेदबिंदूपाशी दोन शाखा आहेत. नकाशाला एका शाखेवरून दुसरीवर उडी मारता येते, साध्या रेषेवर ही सोय नाही. जादा भर तिथून येते.

---

आडवी_रेघ

चित्र काढलं. दोन प्रती घेतल्या आणि एकीची पहिली शाखा दुसरीच्या दुसऱ्या शाखेला छेदबिंदूपाशी जोडली. हे बरोबर आहे का?

---

दिगंश

बरोबर. हाच तो नकाशा. छेदबिंदू सहा आहेत, म्हणून प्रत्येक वक्रामागे असे सहा.

---

अक्षरगणित

आडवी_रेघ, आता ६ गुणिले १,७६,०१,००० करा. दहाव्या घाताच्या आकड्यातून वजा करायची ती भर हीच.

स्थिर नकाशांवर वेगळा धागा काढतो. दिगंश, तुम्ही त्यात फिरकीच्या सममितीची युक्ती २८७५ वर करून दाखवाल का?

---

दिगंश

दाखवतो. प्रक्षेपी अवकाशातल्या १० स्थिर रेषा आणि प्रत्येकीचा एक अपूर्णांक. बेरीज २८७५ येते. रविवारी लिहितो.